मामांच्या फायलीतल्या चार ओळी

प्लेटवरची खूण तळाला करायची, झाकणावर नाही, हे मला मॅडमनी शिकवलं नाही, मामांनी शिकवलं. कॉलेजातला माझा पहिलाच आठवडा होता. काचेच्या चपट्या बशीत जंतूंचं खाद्य ओतून, वर काचेचं झाकण ठेवून, मी मोठ्या हौसेनं त्या झाकणावर माझं नाव लिहीत होते. मामांनी मागून येऊन ते झाकण उचललं आणि शेजारच्या मुलाच्या प्लेटवर ठेवून दिलं. "झालं," म्हणाले, "तुमचं बाळ गेलं शेजाऱ्याकडे." मग माझी प्लेट पालथी करून तळावर टिचकी मारली. "बाळ ज्याच्यात आहे त्याच्यावर नाव लिहायचं, डॉक्टरीणबाई. टोपीवर नाही. टोप्या सगळ्यांच्या सारख्याच."

मामा म्हणजे आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातले लॅब असिस्टंट. पांढरा ॲप्रन घातलेली प्रत्येक मुलगी त्यांच्या लेखी डॉक्टरीणबाई आणि प्रत्येक मुलगा साहेब, मग तो साहेब तीनदा आपटलेला का असेना. उंच, किडकिडीत, पँट घोट्याच्या चार बोटं वर, हाताची नखं ॲसिडनं पिवळी पडलेली. जवळून गेले की स्पिरिटचा आणि साबणाचा वास यायचा. काचसामान वाफेत तापवून निर्जंतुक करायचं जे मोठं भांडं होतं त्याला ते सरळ 'कुकर' म्हणायचे आणि आतला दाब काट्याकडे न बघता आवाजावरून सांगायचे. आमच्या विभागप्रमुख मॅडमचा विश्वास काट्यावर होता. काटा माझ्या देखत दोनदा बिघडला, मामांचा कान एकदाही नाही. कुणी घाई केली की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "जंतूंना घाई नसते. तुम्हाला कसली आहे?"

एकवीस वर्षं ते तिथं होते आणि एकवीस वर्षं हंगामी होते. दर अकरा महिन्यांनी त्यांची नेमणूक संपायची, एका दिवसाचा खंड पडायचा आणि मग नवा कागद यायचा. त्या एका दिवशी त्यांना लॅबमध्ये पाऊल टाकायची परवानगी नसे. पण जंतू वाढवायची उबेची कपाटं दिवसभर आमच्या भरवशावर सोडायची म्हणजे त्यांच्या जिवाला घोर. मग ते बाहेर व्हरांड्यात स्टूल टाकून बसायचे आणि उघड्या दारातून हातवारे करून आम्हाला कामाला लावायचे. वरचं उघडा, काटा बघा, सदतिसाच्या पुढे गेलाय का, मग कमी करा. कुणी म्हटलं, मामा, आत या की, तर म्हणायचे, "आज मी कोणीच नाही. कोणीच नसलेला माणूस आत कसा येणार?" आम्ही हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं ते आज मला सांगता येणार नाही.

माझ्या शेवटच्या वर्षी मामा पंचावन्न वर्षांचे होते. कायम नोकरीत घ्यायला छप्पन्नच्या आतली अट होती, म्हणजे कायम करायच्या माणसांची ही यादी त्यांच्यासाठी शेवटची. घरी मामी. त्यांची नजर अधू होत चालली होती, मूलबाळ नव्हतं. हंगामी माणसाला साठीनंतर काय मिळतं? एक हार. मामा हे स्वतःच म्हणायचे, आणि वर म्हणायचे की तो हारही त्यालाच आणायला पाठवतात.

म्हातारपणाची काळजी तर होतीच, पण त्यांच्या मनात आणखीही एक होतं. दर वर्षी पदवीदानाच्या दिवशी विभागाचा फोटो निघायचा. पुढे खुर्च्यांवर शिक्षक, मागे विद्यार्थी, बाजूला कार्यालयातली कायम माणसं. खुर्च्या मामा मांडायचे, पुसायचे, कुणी कुठं बसायचं ते सांगायचे आणि फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला की बाजूच्या झाडाखाली जाऊन उभे राहायचे. त्यांना कुणी हाकलत नव्हतं. कुणी बोलवतही नव्हतं. त्या वर्षी मॅडमनी त्यांची फाइल स्वतः पुढे पाठवली आणि शेराही चांगला लिहिला. मामांनी तो चोरून वाचला आणि आम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवला. "'अत्यंत विश्वासू व काळजीपूर्वक काम करणारे.' अत्यंत म्हणलंय बरं का, डॉक्टरीणबाई. नुसतं विश्वासू नाही."

आता माझं सांगते. माझ्याविषयी चांगलं काही ऐकायचं असेल तर इथंच थांबलेलं बरं.

माझा प्रबंध शेतातल्या मातीतल्या जंतूंवर होता. एका शेताच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतली माती, निरनिराळ्या महिन्यांत गोळा केलेली, तिच्यातले जंतू वाढवायचे, मोजायचे, ताडून बघायचे. शेवटच्या फेरीत अठ्ठेचाळीस प्लेटा होत्या. कुठली प्लेट कुठल्या मातीची हे कळलं नाही तर त्या प्लेटांचा उपयोग शून्य. त्या संध्याकाळी वर्गातली सगळी एकत्र जेवायला जाणार होती आणि मैत्रिणी खाली फाटकाशी उभ्या राहून माझ्या नावानं शंख करत होत्या. प्लेटांमधलं खाद्य अजून गोठत होतं, ते गोठल्याशिवाय प्लेट पालथी करता येत नाही. थांबायला हवं होतं, फार तर वीस मिनिटं. मी मार्कर घेतला आणि अठ्ठेचाळीस झाकणांवर भराभर खुणा केल्या. सकाळी लवकर येऊन तळाला उतरवू, असा विचार केला. प्लेटा तशाच सुलट्या उबेच्या कपाटात ठेवल्या आणि पळाले.

सकाळी लवकर मी आले नाही. मामा नेहमीप्रमाणे सातला आले. त्या कपाटाची कळ रात्रीतून अडकली होती आणि आतली उष्णता वाढत चालली होती. प्लेटा सुलट्या असल्यामुळे झाकणांच्या आत वाफेचे थेंब धरले होते. ते थेंब खाली पडले की जंतूंच्या वसाहती एकमेकींत वाहून जातात आणि सगळं मुसळ केरात. मामांनी बर्नर पेटवला, अठ्ठेचाळीस झाकणं काढली, निर्जंतुक कापसानं आतून पुसली, परत ठेवली, प्लेटा पालथ्या केल्या आणि दुसऱ्या कपाटात नेल्या. झाकणांवरचं लिखाण त्यांना दिसलं नसेल असं नाही. पण झाकणावर मुलं नाव लिहायची, तारीख लिहायची, बदामसुद्धा काढायची. खरी खूण तळाला असते, आणि ही मुलगी तर आपणच शिकवलेली. मग कुठलं झाकण कुठल्या प्लेटवर, हे कशाला बघायचं? प्लेटा पालथ्या करताना तळ कोरे दिसले, तोवर झाकणांची अदलाबदल होऊन गेली होती. माझा प्रयोग वाचवायला ते दीड तास उभे होते. या कामाबद्दल त्यांना शाबासकी मिळायला हवी होती.

मी साडेनऊला पोचले, दुसऱ्या कपाटातल्या पालथ्या, पुसलेल्या प्लेटा बघितल्या आणि झाकणं बदलली गेली आहेत हे ओळखलं. दहा मिनिटांत मॅडम आल्या. त्याच माझ्या मार्गदर्शकही होत्या. प्रबंध द्यायची तारीख बारा दिवसांवर होती.

"झाकणं कोणी काढली?" त्यांनी विचारलं.

"मामांनी," मी म्हणाले. ते खरं होतं.

"आणि तळाच्या खुणा?"

मामा बेसिनपाशी हात पुसत उभे होते. त्यांच्याजवळ स्पिरिटची बाटली होती आणि कापसाचे वापरलेले बोळे होते. ते मला दिसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पुसल्या गेल्या असतील. स्पिरिटनं."

एवढंच. आधी ठरवलं नव्हतं, कट केला नव्हता. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. मामांनी जवळ येऊन एक प्लेट उचलली, तिच्या तळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी कपाटाचा काटा वाचत बसले. त्या काट्यावर किती आकडा होता तो मला अजून आठवतो.

"मॅडम, मी तळाला हात लावलेला नाही," मामा हळू आवाजात म्हणाले.

"मामा, आता पुरे," मॅडम म्हणाल्या. ओरडल्यासुद्धा नाहीत. हंगामी माणसावर ओरडावं लागत नाही.

माती थोडी शिल्लक होती. प्रयोग परत करता येणार होता, पण बारा दिवसांत नाही. मुदतवाढ मागायला हवी होती, आणि विद्यार्थ्याच्या चुकीसाठी मुदतवाढ मिळत नसे. दुसऱ्याची चूक असली तर मिळे, आणि ती लेखी द्यावी लागे. मॅडमनी त्याच दुपारी चार ओळींचं पत्र लिहिलं. 'प्रयोगशाळा साहाय्यकाच्या निष्काळजीपणामुळे' असे शब्द त्यात होते. एक प्रत परीक्षा विभागाला गेली आणि एक मामांच्या फायलीत. पहिल्या प्रतीनं मला एक महिना मिळाला. दुसऱ्या प्रतीचं काय होणार हे विभागातल्या झाडूवाल्या मावशींनासुद्धा कळत होतं, मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या महिन्यात मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी टाकलं नाही. माझ्या अठ्ठेचाळीस प्लेटा त्यांनी धुतल्या, कुकर लावून दिला, खाद्य ढवळून दिलं. फरक एवढाच झाला की मी ठेवलेली प्रत्येक प्लेट ते उचलून तळाकडे बघायचे आणि मग परत ठेवायचे. डॉक्टरीणबाई म्हणायचे मात्र बंद झाले. कुठल्याच नावानं हाक मारायचे नाहीत.

आठवड्याभरानं काचसामान धुवायच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी नळ बंद केला.

"एक विचारू? मॅडमना एवढंच सांगशील का, की खुणा झाकणावर होत्या?" ते म्हणाले. मला 'तू' त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं. "मी भांडत नाही. माझ्याबद्दल ते चार ओळींचं गेलंय ना, तेवढं निघालं पाहिजे. यादी ठरायची आहे अजून."

"सांगते, मामा," मी म्हणाले. "पण आत्ता सांगितलं तर माझं वर्ष जाईल. डिग्री हातात पडू दे. त्याच दिवशी सांगते."

मला वाटलं आता बोलतील, चार शब्द सुनावतील. पण त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. तुझं वर्ष कशाला घालवायचं," म्हणाले. "जंतूंना घाई नसते." आणि हसले. ते हसले म्हणून मीही हसले, आणि तेवढ्यावर माझं सुटलं असं मी धरून चालले. चोराला सावाचा आधार मिळाला तो असा.

प्रबंध दिला. तोंडी परीक्षा झाली. निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला. प्रत्येक टप्प्याला वाटायचं, आता सांगावं. प्रत्येक टप्प्याला वाटायचं, कागद हातात नाही अजून, कशाला हात दाखवून अवलक्षण. यादी कधी ठरणार हे मी कुणाला विचारलं नाही. कार्यालय लॅबपासून चाळीस पावलांवर होतं. विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. कळू नये म्हणूनच मी विचारलं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

पदवीदानाच्या दिवशी आई-बाबा आले. काळा झगा अंगात घालून, घामानं निथळत मी रांगेत उभी राहिले, हात मिळवला, पदवीची गुंडाळी घेतली. मग विभागाचा फोटो. मामांनी खुर्च्या मांडल्या, पुसल्या, माझ्या झग्याची कॉलर सरळ केली आणि झाडाखाली जाऊन उभे राहिले. फोटोत मी हसले आहे. तो फोटो माझ्या आईच्या भिंतीवर आहे आणि माहेरी गेले की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

आई-बाबांना हॉस्टेलवर सामान बांधायला पाठवलं आणि मी मॅडमच्या खोलीत गेले. उभ्यानंच सगळं सांगितलं. झाकणं, मार्कर, जेवायला जायची घाई, स्पिरिट. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मंगळवारी बैठक झाली," त्या म्हणाल्या.

मला शब्द कळले, अर्थ उशिरा कळला. त्या दिवशी शनिवार होता.

"मी होते तिथं. माझंच पत्र मला वाचून दाखवलं. तुमचाच शेरा आणि तुमचंच पत्र, यातलं खरं कुठलं, असं विचारलं. मी काय सांगणार होते?" त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "सोमवारी आली असतीस तरी चाललं असतं. एका ओळीत मागे घेतलं असतं मी ते."

"आता काही नाही होणार?"

"जागा एकच होती, ती भरली. पुढच्या यादीत ते वयात बसत नाहीत."

"मी लिहून देते, मॅडम. माझी चूक होती म्हणून."

त्यांनी कोरा कागद माझ्यासमोर सरकवला, त्यावर पेन ठेवलं. "दे. त्यानं त्यांना जागा मिळणार नाही. नाव तेवढं स्वच्छ होईल. तुझ्या डिग्रीचं काय होईल ते मला सांगता येत नाही."

माझ्या काखेत ती गुंडाळी होती. मग मी म्हणाले, आमची बस चारची आहे, घरी जाऊन नीट लिहून पाठवते. मॅडमनी कागद परत ओढून घेतला.

"मामांना कळवलंय?" मी दारातून विचारलं.

"कार्यालय कळवेल. आठवडाभर लागतो त्यांना."

गाव सोडताना विद्यार्थ्यानं एक फॉर्म फिरवायचा असतो. ग्रंथालयाची सही, हॉस्टेलची सही, आणि लॅबची, की हिनं आपलं सामानाचं कपाट रिकामं केलं, काचसामान परत दिलं. लॅबची सही कागदोपत्री मॅडमची, पण मामांनी कपाट बघून पेन्सिलनं बरोबरची खूण केल्याशिवाय त्या करत नसत. म्हणजे मला मामांकडे जाणं भागच होतं. ते लॅबमध्ये एकटेच होते, झगे घालून आलेल्या पोरांनी टाकलेली फुलं आणि कागद गोळा करत होते. माझं कपाट उघडून बघितलं, चंचुपात्रं बघितली, सगळं बरोबर होतं. त्यांनी फॉर्मवर खूण केली आणि फॉर्म हातातच धरून ठेवला.

"सांगितलंस?"

"सांगितलं, मामा."

ते एकदम स्टुलावर बसले. माणूस फार चालून आल्यावर बसतो तसे. "बघ," म्हणाले, "मी बायकोला रोज सांगत होतो. ती म्हणायची, गेली ती पोरगी, आता कसली सांगते. मी म्हणायचो, नाही, सांगेल. आपण शिकवलेली पोर आहे." त्यांनी पिवळ्या नखांच्या बोटांनी डोळे पुसले. "मॅडम काय म्हणाल्या? मागे घेतो म्हणाल्या?"

मी म्हणाले, "हो. एका ओळीत मागे घेता येतं म्हणाल्या."

हे वाक्य मी कुठून आणलं ते तुम्हाला माहीत आहे. मी खोटं बोलायलाही नवं काही शोधलं नाही.

त्यानंतर मामांना आवरणं कठीण झालं. फॉर्म मॅडमच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवतो म्हणाले. नको म्हणत असताना हॉस्टेलवर आले. माझी पेटी बाबांच्या हातातून काढून घेतली आणि तीन जिने उतरवली. वाटेत आईला सांगत होते, "तुमची मुलगी सोन्यासारखी आहे बरं का. आजच्या दिवशी कुणाला आठवण राहते दुसऱ्याची? हिला राहिली." आई भारावून गेली. म्हणाली, "तुमचे फार उपकार आहेत हिच्यावर. आयुष्यभर विसरायची नाही ती." बाबांनी त्यांचा हात हातात घेतला. मी पुढे चालत होते. कॉलेजचं फाटक, झेरॉक्सचं दुकान, दोन वर्षं जिथं चहा प्यायले ती टपरी, सगळं मागे पडत होतं. मैत्रिणी म्हणायच्या की निघताना रडू येईल. मला फक्त बस वेळेवर सुटावी एवढंच वाटत होतं.

बसच्या टपावर पेटी चढवून ते खिडकीशी आले. कपाळावर घाम, चेहऱ्यावर असं हसू, जे मी दोन वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. मी नुसतं तोंड उघडायचं होतं. खिडकी उघडी होती, मामा हातभर अंतरावर होते, बस सुटायला पाच मिनिटं होती.

"डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "तुमचा घरचा नंबर द्या. ऑर्डर हातात पडली की पहिला फोन तुम्हाला. बायकोला नंतर."

मी तिकिटाच्या मागे नंबर लिहून दिला. त्यांनी तो वाचून दाखवला, बरोबर आहे ना म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. बस हलली तेव्हा ते बाजूला झाले आणि वळणापर्यंत हात हलवत राहिले.

फोन आठव्या दिवशी आला. आईनं उचलला आणि मला हाक मारली, "अगं, तुझ्या लॅबमधल्या मामांचा आहे. आवाज कसातरी येतोय त्यांचा." मी जिन्यात उभी होते. मी आईला खूण केली की मी घरात नाही.